मुदत संपलेले औषध

पैनगंगा ओलांडून दक्षिणेस उतरले की आदिलाबाद जिल्हा लागतो. बेला, जैनद या बाजूस कापसाची काळी जमीन दूरवर पसरलेली दिसते. तेथील बाजारात मराठी बोल सहज कानी पडतात. पुढे रस्ता इंद्रवेल्लीवरून उटनूरच्या डोंगराकडे चढू लागतो, सागाचे रान दाट होते आणि गोंड, कोलाम, परधान, थोटी यांच्या वस्त्या सुरू होतात. या मुलखाला दोन ऋतूंचे भय फार जुने आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाऊन टेकतो. आषाढ लागला की ओढे-नाले वाहू लागतात, पाड्यांची वाट तुटते आणि त्याच दिवसांत हिवतापही डोके वर काढतो.

अशा एखाद्या रात्री घरात ताप फणफणतो. आढ्याला खोचलेल्या पिशवीत किंवा पत्र्याच्या डब्यात गेल्या वर्षीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी सापडते. कंदिलाच्या उजेडात कोणी शिकलेला मुलगा तीवरची बारीक अक्षरे वाचतो आणि सांगतो की, हिची मुदत चार महिन्यांपूर्वीच संपली. त्या क्षणी घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे प्रश्न उभा राहतो. हातातली गोळी अजून औषध आहे, की नुसता खडू आहे, की विष झाली आहे? हा प्रश्न शहरातल्या घरांतही पडतो. परंतु तेथे औषधाचे दुकान कोपऱ्यावर असते. डोंगरात मात्र या प्रश्नाच्या उत्तरावर कधी कधी सकाळ पाहणे अवलंबून असते.

औषधाला आयुष्य असते ही कल्पना कारखान्यांबरोबर आलेली नाही. तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास रचल्या गेलेल्या शार्ङ्गधरसंहितेत तिचा स्वच्छ विचार केलेला आढळतो. सामान्य वनौषधी एका वर्षानंतर गुणहीन होते, चूर्णाचा गुण दोन महिन्यांनी उतरतो, गुटिका आणि अवलेह वर्षभर टिकतात, औषधी तूप व तेल त्याहून चार महिने अधिक राहते, असे शार्ङ्गधराने सांगितले आहे. उलट आसव आणि धातूंची भस्मे जुनी होतील तितकी अधिक गुणकारी मानावीत, असाही त्याचा अभिप्राय आहे. त्याने दिलेली कालगणना आजच्या प्रयोगशाळेत जशीच्या तशी उतरेल असे नव्हे. पण दोन गोष्टी त्याने अचूक हेरल्या होत्या. औषध बाहेरून तसेच दिसत असूनही आतले वीर्य निघून जाऊ शकते, ही पहिली. सर्व औषधांना एकच मुदत लावता येत नाही, ही दुसरी. पाने कुटून केलेले चूर्ण हवेला सर्व बाजूंनी उघडे पडते म्हणून लवकर निकामी होते, ही गोष्ट आजी आपल्या हळदीच्या आणि मसाल्याच्या डब्यावरूनही सांगू शकली असती.

औषध वाटेतच मरते, याचा मोठा धडा पश्चिम भारताला १८०२ साली मिळाला. एडवर्ड जेन्नर याने १७९६ मध्ये गायीच्या देवीची लस माणसाला टोचून देवीच्या रोगाला अडसर घालता येतो हे दाखवले होते. ही लस हिंदुस्थानात आणण्याची निकड सर्वांना पटत होती, कारण देवीने गावेच्या गावे ओस पडत. परंतु लस हा जिवंत पदार्थ. दोऱ्याला लावून, वाळवून जहाजातून पाठवावी, तर आफ्रिकेला वळसा घालून येईतो ती निर्जीव होई. महिनेच्या महिने चाललेल्या त्या प्रवासात उष्ण कटिबंधाचा ताप तिला सोसत नसे. अखेर व्हिएन्नाचे वैद्य ज्यां द कारो यांनी खुष्कीच्या वाटेचा आश्रय घेतला. त्यांनी जपून बंद केलेली लस कॉन्स्टँटिनोपलवरून बगदादला पोहोचली आणि १८०२ च्या वसंतात तेथे एका मुलाच्या दंडावर ती लागू पडली. तेथून पुढे तिला बाटलीत ठेवण्याचा मोह सोडून देण्यात आला. एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर, अशी ती बसऱ्यापर्यंत जिवंत नेण्यात आली आणि तेथून जहाजाने मुंबईस आली.

मुंबईत ती काही मुलांना टोचली गेली. त्यांपैकी १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती उत्तम रीतीने उठली. हिंदुस्थानात देवीची लस यशस्वी रीतीने टोचली गेलेली पहिली व्यक्ती म्हणून या लहान मुलीचे नाव इतिहासात राहिले. तिच्या दंडावरून दुसऱ्या मुलांना लस देण्यात आली आणि मग ती पुणे, सुरत, मद्रास व हैदराबाद या दिशांना गेली. आदिलाबाद ज्या निजामी राज्यात होते, त्या राज्याकडे लस गेली ती मूळ याच वाटेने. कोणत्याही बाटलीवर तेव्हा तारीख छापलेली नव्हती. तरीही प्रत्येक वैद्य मनातल्या मनात दिवस मोजत होता. औषधाची मुदत म्हणजे काय हे त्या मुलांच्या दंडांवर लिहिले गेले होते.

दुसऱ्या बाजूला कोयनेल होते. दक्षिण अमेरिकेतील सिंकोना वृक्षाची साल तापावर चालते हे ज्ञान सतराव्या शतकात जेझुइट धर्मगुरूंच्या हातून युरोपात आले आणि कित्येक वर्षे तिची भुकटी ‘जेझुइटांचे चूर्ण’ या नावानेच ओळखली जात असे. सालीत गुण किती हे झाडाझाडावर, कापणीवर, साठवणीवर अवलंबून राही. पेल्तिए आणि काव्हेंतू या दोन फ्रेंच रसायनज्ञांनी १८२० साली सालीतून क्विनीन वेगळे काढले. हे क्षारस्वरूप औषध कोरड्या, अंधाऱ्या जागी वर्षानुवर्षे टिकते. उजेडात मात्र तपकिरी पडू लागते. १८६० नंतर निलगिरीत सिंकोनाची लागवड झाली आणि १८९२ पासून बंगालमध्ये टपालकचेरीतून कोयनेलच्या पुड्या विकल्या जाऊ लागल्या. लस जेथे पोहोचता पोहोचता मरत होती तेथे कोयनेलची पुडी टपाल्याच्या पिशवीतून खेड्यापर्यंत जाऊ शकत होती. औषधांचे हे दोन कुळधर्म आहेत, हे ध्यानात ठेवले की पुढचा सारा इतिहास समजणे सोपे जाते.

परंतु टिकाऊ औषधालाही एक शत्रू होता, आणि तो म्हणजे माणसाची लबाडी. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत हिंदुस्थानच्या बाजारात वाटेल ती औषधे वाटेल त्या नावाने विकली जात. वेष्टनावर जितके क्विनीन लिहिलेले असे तितके गोळीत नसे. रोगी कडू चव चाखून समाधान मानी आणि ताप मात्र उलटून येई. १९२७ साली कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये या गोष्टीची चर्चा होऊन ठराव झाला. १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमण्यात आली आणि तिने पुढील वर्षी आपला अहवाल दिला. त्याचे फळ म्हणून १९४० चा औषध कायदा आणि त्याखालील १९४५ चे नियम आले. या नियमांच्या ‘पी’ या परिशिष्टात निरनिराळ्या औषधांच्या आयुष्याचे महिने आणि त्यांच्या साठवणीच्या अटी नोंदवल्या गेल्या. ज्यांची नोंद त्या परिशिष्टात नाही अशा औषधांनाही तारीख छापावी लागते आणि ती सामान्यतः तयार झाल्यापासून ६० महिन्यांपलीकडे नेता येत नाही. मुदत उलटलेले औषध दुकानदाराने विकणे हा या कायद्याने गुन्हा आहे. वेष्टनावरची ती दोन लहान अक्षरे व चार-सहा आकडे दुकानदाराच्या सोयीसाठी नसून गिऱ्हाइकाच्या संरक्षणासाठी आले, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

कायदा झाला त्याच वर्षी आदिलाबादच्या डोंगरात वेगळाच इतिहास घडत होता. जमीन आणि जंगल यांवरील हक्कासाठी उठलेले कुमराम भीम १९४० साली जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. त्यानंतर गोंडांच्या दुःखाचा शोध घ्यावा असे राज्यकर्त्यांना वाटू लागले आणि मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हे पत्नी बेट्टी यांच्यासह मार्लावाईस येऊन राहिले. मराठी वाचकांना इतिहासकार म्हणून परिचित असलेले सेतुमाधवराव पगडी हेही निजामाच्या सेवेत असताना या लोकांत वावरले, त्यांची भाषा शिकले आणि त्यांच्याविषयी त्यांनी ग्रंथ लिहिला. या माणसांनी जे पाहिले त्याचा अर्थ असा की, डोंगरातल्या माणसाला सरकारची प्रत्येक वस्तू सर्वांत शेवटी आणि सर्वांत शिळी होऊन मिळते. कायदा शेवटी मिळतो, जमिनीचा पट्टा शेवटी मिळतो, शाळा शेवटी मिळते. औषधाच्या बाबतीत मात्र ‘शेवटी मिळणे’ याला अधिक भयंकर अर्थ आहे, कारण औषध वाटेत जितके दिवस राहील तितके त्याचे आयुष्य त्या वाटेवरच खर्च होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रतिजैविकांचे युग आले. पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. पेनिसिलीनने तारखेचे महत्त्व घरोघर नेले. कुपीतील कोरडी पूड बरीच टिके. परंतु तीत पाणी घातले की घड्याळाचे काटे जणू धावू लागत, आणि ते द्रावण थंड ठेवून थोड्याच दिवसांत वापरावे लागे. आजही मुलांच्या प्रतिजैविकाच्या बाटलीत पूड असते. तीत पाणी घालेपर्यंत वेष्टनावरची तारीख खरी, आणि पाणी घातल्यावर सात किंवा चौदा दिवस, वेष्टनावर सांगितले असतील तितके, एवढेच तिचे आयुष्य. अनेक घरांत ही अर्धी बाटली पुढच्या आजारासाठी फळीवर ठेवली जाते, कारण वेष्टनावरच्या तारखेला अजून एक वर्ष असते. ती तारीख कोरड्या पुडीची होती, हे कोणी सांगितलेले नसते.

मग तारीख उलटल्यावर औषधाचे होते तरी काय? या प्रश्नावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत म्हणते की, तारखेच्या दुसऱ्या दिवशी औषध विष होते. दुसरे म्हणते की, तारखा म्हणजे कारखानदारांची अधिक विक्रीसाठी केलेली युक्ती आहे. इतिहास या दोन्ही मतांना दुजोरा देत नाही.

पहिल्या मताच्या बाजूने एक घटना नेहमी सांगितली जाते, आणि ती खरी आहे. १९६३ साली अमेरिकेत काही रोग्यांना टेट्रासायक्लीन या औषधाच्या जुन्या कॅप्सूल घेतल्यावर मळमळ, उलट्या आणि अशक्तपणा सुरू झाला. त्यांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे दिसले. उष्णता आणि ओल लागून त्या कॅप्सूलमधील औषध कुजले होते आणि त्यापासून बनलेले दुसरेच द्रव्य मूत्रपिंडाला घातक ठरले होते. त्या कॅप्सूलमध्ये मिसळलेल्या सायट्रिक आम्लाने या कुजण्यास मदत केली होती. पुढे ते मिश्रण बदलण्यात आले. जुन्या गोळीने प्रत्यक्ष विषबाधा झाल्याची सुपरिचित उदाहरणे शोधू गेल्यास बहुतेक सर्व वाटा या एकाच घटनेकडे येऊन मिळतात. म्हणजे धोका खरा आहे, पण तो सर्व औषधांना सारखा लागू नाही.

दुसऱ्या मताच्या बाजूनेही पुरावा आहे. अमेरिकेच्या सैन्यदलांकडे आणीबाणीसाठी औषधांचे प्रचंड साठे असतात. तारीख उलटली म्हणून ते दर काही वर्षांनी फेकून देणे परवडेना, तेव्हा १९८६ पासून त्या साठ्यांची फेरतपासणी करण्याचा कार्यक्रम सुरू झाला. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. १२२ प्रकारच्या औषधांचे ३,००५ साठे तपासले, त्यांपैकी ८८ टक्के साठ्यांची मुदत निदान एक वर्ष वाढवता आली. २०१२ मध्ये तर एका औषधालयात पडून राहिलेली, २८ ते ४० वर्षांपूर्वीच मुदत संपलेली न उघडलेली औषधे तपासण्यात आली. त्यांतील १४ द्रव्यांपैकी १२ द्रव्ये वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणाच्या ९० टक्के किंवा त्याहून अधिक शिल्लक होती. ॲस्पिरिनसारखी काही मात्र बरीच उतरली होती.

हे आकडे वाचून आढ्याला खोचलेली पट्टी निर्धास्तपणे तोंडात टाकावी काय? येथेच थांबून विचार करावयास हवा. सैन्याचे ते साठे मूळ वेष्टनात, मोहोर न फोडलेले, उष्णता आणि ओल यांचा बंदोबस्त केलेल्या कोठारांत होते. शिवाय त्यांची मुदत वाढवली गेली ती अंदाजाने नव्हे. प्रत्येक साठ्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासून मग ती वाढवली गेली. एकाच औषधाच्या दोन साठ्यांत मोठा फरक आढळला, हाही त्याच तपासणीचा निष्कर्ष आहे. उटनूरच्या डोंगरातील पत्र्याच्या छपराखाली मे महिन्याची दुपार काढलेल्या गोळीची तपासणी कोणी केली आहे? वेष्टनावर ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ असे छापलेले असते. तारीख आणि ही सूचना ही एकाच कराराची दोन कलमे आहेत. कारखानदार सांगतो की, अमुक उष्णतेच्या आत, ओलीपासून आणि उजेडापासून दूर ठेवाल तर अमुक दिवसापर्यंत औषधाच्या गुणाची हमी माझी. एक कलम मोडले की दुसऱ्याचा आधार उरत नाही. म्हणून तप्त मुलखात प्रश्न उलटा होतो. तारीख उलटल्यावर औषध चालेल का, असे विचारण्यापूर्वी तारीख उलटण्याच्या आधीच ते निकामी झाले नाही ना, असे विचारावे लागते.

उष्णतेचे हे कोडे सोडवण्याचा प्रयत्न दीडशे वर्षे चालू होता. दंडावरून दंडावर लस नेण्यात दुसरे रोग पसरण्याचे भय होते, म्हणून वासरांपासून लस तयार करण्याची रीत आली. बेळगावातील ‘व्हॅक्सिन डेपो’ हे ठिकाण त्या काळाची आठवण अजून सांगत आहे. परंतु ही पातळ लस उन्हाळ्यात खेड्यावर पोहोचेपर्यंत बऱ्याचदा निष्प्रभ होई. टोचणारा प्रामाणिकपणे टोची, आई विश्वासाने मूल पुढे करी, आणि दंडावर काहीच उठत नसे. १९५० च्या सुमारास लंडनच्या लिस्टर संस्थेत लेस्ली कोलियर यांनी लस गोठवून वाळवण्याची रीत पक्की केली. वाळवलेल्या या लशीने ३७ अंश उष्णतेत चार आठवडे आपला गुण टिकवला पाहिजे, असा दंडक ठरला. भारतात १९६२ साली देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. सुरुवातीची पातळ लस मागे पडून वाळवलेली लस आली, आणि मे १९७५ नंतर या देशात देवीचा रोगी आढळला नाही. १८०२ साली बगदाद-बसऱ्याच्या वाटेवर जो शत्रू भेटला होता त्याच्यावर मिळवलेला हा विजय होता. सापाच्या विषावरील प्रतिविषही याच रीतीने वाळवून पूडरूपात ठेवता येते, म्हणून शीतकपाट नसलेल्या जागी ते अधिक काळ टिकते. कापसाच्या शेतात वाकून काम करणाऱ्यांच्या जिल्ह्यात ही सोय किती मोलाची आहे, ते वेगळे सांगावयास नको.

१९९६ पासून पोलिओच्या लशीच्या कुपीवर एक साधी खूण येऊ लागली. एका रंगीत वर्तुळात एक फिकट चौकोन असतो. कुपीला जितकी उष्णता लागेल तितका तो चौकोन गडद होत जातो. चौकोन वर्तुळाहून फिकट असेतो लस चांगली. दोघांचा रंग एक झाला की ती फेकून द्यावी, मग छापलेली तारीख पुढच्या वर्षाची का असेना. या खुणेला अक्षरओळख लागत नाही. गोंडी बोलणारी आई आणि तेलुगू बोलणारी परिचारिका दोघींनाही ती सारखीच वाचता येते. तारखेने दिवस मोजले; या चौकोनाने वाटेतले ऊन मोजले. औषधाच्या आयुष्याचा खरा हिशेब या दोहोंच्या बेरजेत आहे.

आता त्या रात्रीच्या प्रश्नाकडे परत यावे. मुदत उलटलेल्या औषधांत सर्वांत मोठा धोका विषाचा नसून दुबळेपणाचा असतो. डोकेदुखीवरची गोळी थोडी उतरलेली निघाली तर डोके थोडा वेळ अधिक दुखेल, एवढेच. परंतु मेंदूपर्यंत जाणारा हिवताप अर्ध्या ताकदीच्या औषधाची वाट पाहत नाही. प्रतिजैविक दुबळे पडले तर जंतू मरत नाहीत, ते तग धरण्यास शिकतात आणि मग शेजाऱ्याच्या घरीही चांगले औषध चालेनासे होते. छातीत कळ आली असता जिभेखाली ठेवावयाची गोळी, मधुमेह्याचे इन्सुलिन, फेपरे रोखणारे औषध, प्रतिविष आणि लस, यांच्या बाबतीत जुन्यावर विसंबणे म्हणजे कुजलेल्या दोरीने विहिरीत उतरणे होय. डोळ्यांत घालावयाचे थेंब एकदा फोडल्यावर त्यांत जंतू शिरतात, म्हणून त्यांची मुदत वेष्टनावरील तारखेपेक्षा फारच अलीकडे संपते. काही खुणा डोळ्यांना व नाकालाही कळतात. ॲस्पिरिनला शिरक्याचा वास येऊ लागणे, कॅप्सूल चिकटणे, गोळीवर ठिपके पडणे, स्वच्छ द्रावण गढूळ होणे, या खुणा दिसताच तारीख न पाहता औषध टाकून द्यावे. मात्र खूण दिसत नाही म्हणून औषध चांगले, असा उलट निष्कर्ष काढू नये. वीर्य बहुधा आवाज न करता निघून जाते.

म्हणून तापाच्या त्या रात्री योग्य वाट म्हणजे आशा कार्यकर्तीकडे जाणे. हिवतापाच्या भागात रक्ताचा थेंब घेऊन तपासणीची पट्टी लावण्याचे आणि औषध देण्याचे काम तिच्याकडे सोपवलेले आहे. अवघड प्रसंगी १०८ ची गाडी आहे. घरातील औषध पत्र्याखाली, चुलीजवळ किंवा खिडकीतल्या उन्हात न ठेवता मूळ वेष्टनासह कोरड्या, सावलीच्या जागी ठेवावे. ज्या घरी शीतकपाट नाही तेथे इन्सुलिनची कुपी पाणी लागणार नाही अशा डब्यात घालून ओल्या मडक्यात ठेवण्याची रीत डॉक्टरही सांगतात. कुंभाराच्या चाकावरून उतरलेले ते मडके पाणी निवते त्याच नियमाने औषधही निववते.

एवढे सांगितले तरी प्रश्नाचा अर्धा भाग उरतो, आणि तो रोग्याच्या हातात नाही. १९९२ ते १९९६ या काळात युद्धात होरपळणाऱ्या बोस्नियात दान म्हणून आलेल्या औषधांपैकी सुमारे १७,००० टन औषधे निरुपयोगी होती असा अंदाज नंतर करण्यात आला. त्यांत मुदत संपलेलीही पुष्कळ होती. देणाऱ्यांनी आपली कोठारे रिकामी केली आणि दानाचे पुण्य जोडले. घेणाऱ्यांच्या गळ्यात ती नष्ट करण्याचा खर्च पडला. यावर १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेने नियम घालून दिला की, दान दिलेल्या औषधाची मुदत पोहोचण्याच्या वेळी साधारणपणे एक वर्ष तरी शिल्लक असावी. देणाऱ्याच्या देशात जे औषध चालत नाही ते घेणाऱ्याच्या देशातही चालवू नये, हे त्यामागचे सूत्र होते. हे सूत्र केवळ दूरच्या युद्धभूमीला लागू आहे असे नाही. शहरातल्या सुखवस्तू घरांतून सेवाभावाने गोळा केलेली उरलीसुरली औषधे पाड्यावर नेऊन वाटणाऱ्यांनीही ते मनात बाळगावे. स्वतःच्या मुलाला जी गोळी देताना हात कचरतो, ती परक्याच्या मुलाला देणे याला दान म्हणता येणार नाही.

तारीख ही निसर्गाने घातलेली रेषा नव्हे, हे खरे. ती माणसाने दिलेला शब्द आहे, आणि फसवणुकीच्या मोठ्या अनुभवानंतर कायद्याने तो शब्द लेखी घेतला. सैन्याच्या कोठारात शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली त्या शब्दाची मुदत वाढवता येईल. गरिबाच्या झोपडीत ती कोणी आपोआप वाढलेली समजू नये. २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. अंतरे कागदावर कमी झाली. तरीही आषाढात नाला भरला की पलीकडचे गाव पूर्वीइतकेच दूर जाते. मृगाच्या आधी, रस्ते कोरडे असतानाच, पुढील पावसाळ्यापर्यंत मुदत असलेली औषधे सावलीतून, थंड पेटीतून त्या पलीकडच्या गावी पोहोचली, तर रात्रीच्या कंदिलापुढे तो शिकलेला मुलगा तारीख वाचेल आणि घरातल्यांना सांगेल की, औषध ताजे आहे. तेवढे ऐकण्याचा हक्क प्रत्येक घराचा आहे.